मोटारीत नंतर बसवलेली इलेक्ट्रॉनिक साधने : जुन्या गाडीत जीर्ण तारा, नव्या गाडीत संदेशांचे जाळे

नवी दिल्ली : मोटार घेताना सर्वांत स्वस्त प्रकार निवडायचा आणि वाचलेल्या पैशांतून बाहेरच्या दुकानात मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा व चांगले स्पीकर बसवून घ्यायचे, हा मध्यमवर्गीय हिशेब भारतात अनेक वर्षे रूढ आहे. दिल्लीतील करोल बाग, बंगळुरूतील जे. सी. रोड, चेन्नईतील जनरल पॅटर्स रोड, पुण्यातील नाना पेठ अशा बाजारपेठा याच हिशेबावर वाढल्या. दुकानदार ‘तासाभरात होईल’ असे सांगतो. संध्याकाळी मात्र डॅशबोर्ड अजून उघडाच असतो, कधी स्टिअरिंगवरची बटणे बंद पडलेली असतात, तर कधी इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येत असते.

हा अनुभव वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या गाडीच्या मालकालाही येतो आणि शोरूममधून महिन्यापूर्वी बाहेर पडलेल्या गाडीच्या मालकालाही. दोघांच्या अडचणीचे मूळ मात्र वेगळे असते. जुन्या गाडीत तारेतून फक्त वीज वाहते, पण ती तार कोणत्या अवस्थेत आहे आणि आधीच्या कारागिराने तिचे काय केले आहे याचा भरवसा नसतो. नव्या गाडीत तारा सुस्थितीत असतात, परंतु त्यांतील अनेक तारांमधून विजेबरोबर किंवा विजेऐवजी संदेश जात असतात आणि ते समजून न घेता केलेली जोडणी साऱ्या गाडीला गोंधळात टाकू शकते.

तीन तारांचे मूलभूत गणित

मोटारीत रेडिओ बसवण्याची प्रथा जवळपास शंभर वर्षांची आहे. शिकागो येथील गॅल्व्हिन बंधूंच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि पुढे तेच नाव कंपनीने स्वीकारले. आजच्या अँड्रॉइड स्क्रीनसारख्या साधनांची मूळ गरज तीन तारांची असते. एक तार बॅटरीकडून सतत येणारी, जिच्यामुळे घड्याळ आणि जतन केलेली केंद्रे टिकून राहतात. दुसरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. तिसरी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली. बाजारातील साधनांत या तारा बहुतेक वेळा अनुक्रमे पिवळ्या, लाल आणि काळ्या रंगाच्या असतात. चार स्पीकरांसाठी पांढरी, करडी, हिरवी व जांभळी अशा जोड्या असतात आणि ऋण टोकाच्या तारेवर काळी रेघ असते.

रेडिओच्या आकाराचेही एक मानक आहे. जर्मन मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘डिन’ म्हणून ओळखला जाणारा १८० बाय ५० मिलिमीटरचा चौकोन १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाला. त्याच्या दुप्पट उंचीचा तो ‘डबल डिन’. मागच्या जोडणीसाठीही आयएसओ १०४८७ हे मानक आहे, ज्यात विजेचा आणि स्पीकरांचा कपलर स्वतंत्र असतो. युरोपीय उत्पादकांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले, तर जपानी कंपन्यांनी बहुधा आपापले कपलर कायम ठेवले. मानक पाळणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत सतत वीज देणारी आणि किल्लीवर चालणारी अशा दोन तारांच्या जागा परस्परांत बदललेल्या आढळतात. परिणामी नवा रेडिओ लागतो आणि वाजतोही, पण गाडी बंद करताच सारी सेटिंग विसरतो. ग्राहकाला हा रेडिओचा दोष वाटतो. प्रत्यक्षात दोन तारांची अदलाबदल पुरेशी असते.

जुनी गाडी : आधीच्या हातांचा वारसा

हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बेसेडर २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनत होती. तिचा पाया मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीचा होता. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून दीर्घकाळ धावलेली प्रीमियर पद्मिनी ही फियाट ११०० या इटालियन गाडीची भारतीय आवृत्ती. अशा गाड्या आज हौसेने जतन केल्या जात असून त्यांत ब्लूटूथ, मोबाइल चार्जिंग किंवा निदान एक चांगला रेडिओ असावा ही मालकांची इच्छा स्वाभाविक आहे.

त्यातील पहिला धोका विजेच्या दिशेचा आहे. १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजची सर्व साधने ऋण अर्थिंग गृहीत धरून बनवली जातात आणि त्यांची धातूची पेटी आतून ऋण टोकाला जोडलेली असते. धन अर्थिंगच्या गाडीत असा रेडिओ स्क्रूने डॅशबोर्डला घट्ट केला, की बॅटरीची दोन्ही टोके थेट एकमेकांना भिडतात. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे साधन सांगाड्यापासून पूर्ण अलग ठेवून त्याला स्वतंत्र परिवर्तकातून वीज देणे. दुसरा म्हणजे साऱ्या गाडीची अर्थिंग बदलणे. त्यासाठी बॅटरीची टोके उलटवून डायनमोला नव्या दिशेचे चुंबकत्व द्यावे लागते, इग्निशन कॉइल आणि अँपियर दाखवणाऱ्या मीटरच्या तारा बदलाव्या लागतात. जाणत्या कारागिराला हे काम अवघड नाही. अडचण एवढीच, की पूर्वी कुणी तरी हा बदल अर्धवट केलेला असू शकतो आणि त्याची नोंद कुठेच नसते.

दुसरी मर्यादा वीजनिर्मितीची. त्या पिढीतील लुकास कंपनीचा सी-४० हा सर्वपरिचित डायनमो जास्तीत जास्त २२ अँपियर देत असे आणि तेही इंजिन वेगात असताना. सिग्नलला गाडी थांबली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणू लागतो, कारण त्या वेगाला डायनमो जवळपास काहीच देत नाही. आता चार स्पीकरांना प्रत्येकी ५० वॅट देणारा एक मध्यम अॅम्प्लिफायर घेतला, तर जुन्या पद्धतीच्या मंडलाचे नुकसान धरून तो पूर्ण आवाजात सुमारे २५ अँपियर ओढतो. म्हणजे हेडलाइट, वायपर आणि इग्निशन बाजूला ठेवले तरी एकटे संगीतच डायनमोच्या क्षमतेपलीकडे जाते. अल्टरनेटर बसवणे हा त्यावरचा रूढ उपाय होय.

तिसरी बाब संरक्षणाची. त्या काळच्या ब्रिटिश रचनेत अख्ख्या गाडीला दोनच फ्यूज असणे सर्रास होते आणि काही तारा कोणत्याही फ्यूजविना थेट जात. तारांचे आवरण रबर व कापडाचे. पन्नास वर्षांच्या उन्हाने, तेलाने आणि दमट हवेने ते कडक होऊन बोटाच्या दाबाने गळून पडते. डॅशबोर्डमागे हात घालून जुनी जुडी थोडी बाजूला सारली, एवढ्यानेही दोन उघड्या तारा एकमेकींना टेकू शकतात. जुन्या गाडीचा रेडिओ बसवताना लागलेली आग बहुधा रेडिओने लावलेली नसते, शेजारची मरणपंथाला लागलेली तार त्या निमित्ताने हललेली असते.

मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. तिच्या वायरिंगमध्ये प्लॅस्टिकचे आवरण, पात्याचे फ्यूज आणि अल्टरनेटर असल्याने मूळ रचना पुष्कळच सुरक्षित होती. तिच्या नशिबी आले ते बाजारातील हात. मागच्या काचेखालच्या फळीवर सहा बाय नऊ इंचांचे अंडाकृती स्पीकर, खिडक्यांसाठी विजेचे मोटर, रिमोटवर चालणारे सेंट्रल लॉक, रिव्हर्सला वाजणारी धून अशी साधने एकेका मालकाने एकेका शहरात बसवली. प्रत्येकाने जवळात जवळची जिवंत तार सोलली, नवी तार गुंडाळली आणि काळी टेप लावली. मे महिन्याच्या उन्हात त्या टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि जोड उघडा पडतो. तिसऱ्या-चौथ्या मालकाने गाडी दुकानात आणली की कारागिरासमोर एक तिढा उलगडतो, ज्यात कोणती तार अजून कामाची आहे हे एकेक तोडून पाहण्यावाचून कळत नाही.

दारांची वेगळीच कथा आहे. सेंट्रल लॉकच्या तारा दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून न्यायच्या असतात. तेवढे कष्ट टाळून वेगळे भोक पाडले, तर दार हजारो वेळा उघडमिट होऊन तार आतल्या आत तुटते. दाराच्या आतील प्लॅस्टिकचा पडदा स्पीकर बसवताना फाडला जातो आणि पुन्हा चिकटवला जात नाही. तो पडदा शोभेचा नसून काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून असतो. कोकणात किंवा ईशान्येत एका पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला का राहतो, याचे उत्तर अनेकदा मागच्या दिवाळीत बसवलेल्या स्पीकरपाशी सापडते.

शिट्टीचे कारण

अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी ती शिट्टी हा जुन्या गाड्यांतील सर्वाधिक ऐकला जाणारा तक्रारीचा विषय आहे. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करतो आणि डायोड तिला एका दिशेला वळवतात. तरीही तिच्यात थोडी लहर उरते. रेडिओची अर्थिंग एका ठिकाणी आणि डिकीतील अॅम्प्लिफायरची दुसऱ्या ठिकाणी असेल, तर गंजलेल्या सांगाड्यामुळे त्या दोन जागांत किंचित व्होल्टेजचा फरक पडतो. ही लहर मग संगीताच्या तारेच्या जाळीतून वाट काढते आणि स्पीकरमध्ये शिट्टी होऊन उमटते. दुकानात यावर फिल्टर विकला जातो. त्याने आवाज थोडा दबतो, कधी संगीतही दबते. रंग खरवडून उघड्या धातूवर घट्ट केलेली अर्थिंग, विजेची तार आणि संगीताची तार गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी नेणे आणि इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारा जुना पट्टा बदलणे, हे उपाय स्वस्त आहेत. मात्र त्यांना वेळ लागतो आणि या धंद्यात मजुरी वेळेवर नव्हे, नगावर ठरते. अर्थिंगकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे मूळ पुष्कळसे याच ठिकाणी आहे.

हेडलाइटच्या बाबतीत असेच एक जुने भारतीय दुखणे आहे. गाडीसोबत येणारा हॅलोजन बल्ब साधारण ६०/५५ वॅटचा असतो. अंधाऱ्या महामार्गांमुळे लोक १००/९० वॅटचा बल्ब लावतात. प्रत्येक दिव्याचा विद्युतप्रवाह साडेचार-पाच अँपियरवरून आठच्या पुढे जातो, मूळ तार आणि स्टिअरिंगजवळचा स्विच तेवढ्यासाठी बनलेला नसतो आणि बल्बमागचा होल्डर वितळतो. रिले आणि जाड तारांचा स्वतंत्र संच लावल्यास वितळणे टळते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येणारा झोत मात्र कोणत्याही रिलेने टळत नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या जुलैतील केंद्रीय अधिसूचनेने ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय दिली, ती गाडी मूळ रूपात असण्याच्या अटीवर. त्यामुळे अशा गाड्यांचे मालक डॅशबोर्ड न कापता हातमोजाच्या खणात लहान ब्लूटूथ अॅम्प्लिफायर ठेवतात आणि मूळ रेडिओची पाटी जागेवर राहू देतात.

दोन पिढ्यांच्या मध्ये

१९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-बारा वर्षे बाहेरच्या साधनांसाठी सोयीची ठरली. डॅशबोर्डला डिन आकाराची खाच होती, तारा शाबूत होत्या आणि प्रत्येक तारेला एकच काम होते. ‘कपलर टू कपलर’, म्हणजे मूळ तार न कापता मधला जोड वापरून केलेली बसवणी, हा शब्दप्रयोग याच काळात भारतीय दुकानांत रुळला. आज पन्नाशीत असलेल्या बहुतेक कारागिरांचा हात या गाड्यांवर बसला आहे, हे पुढील अडचणी समजून घेताना लक्षात ठेवावे लागते.

नवी गाडी : तार नव्हे, संभाषण

बॉश या जर्मन कंपनीने १९८३ मध्ये मोटारीतील संगणकांना परस्परांशी बोलता यावे यासाठी एक पद्धत विकसित करण्यास सुरुवात केली आणि १९८६ मध्ये ती जाहीर केली. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ किंवा ‘कॅन’ हे तिचे नाव. १९९१ च्या मर्सिडीज-बेंझ एस-क्लासपासून ती प्रत्यक्ष उत्पादनात आली. तीत एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा असतात. शांत असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट, संदेश देताना एकीवर साडेतीन आणि दुसरीवर दीड. या दोन तारांवरून इंजिन, ब्रेक, दारे, वातानुकूलन आणि रेडिओ आपापले संदेश टाकतात व ज्याला हवा तो संदेश तो उचलतो. पूर्वी दिव्याच्या स्विचपासून दिव्यापर्यंत जाड तार जात असे. आता स्विच संगणकाला विनंती करतो आणि संगणक दिवा लावतो.

या व्यवस्थेत जुन्या कारागिराचे सर्वांत विश्वासू अवजार धोक्याचे बनते. लहान बल्ब, एक सुई आणि एक चिमटा असलेला ‘टेस्ट लॅम्प’ प्रत्येक वायरिंगवाल्याच्या खिशात असतो. तारेत सुई टोचायची, बल्ब पेटला तर तार जिवंत. पाच वॅटचा तो बल्ब सुमारे ०.४ अँपियर ओढतो. अॅम्बेसेडरला त्याने काहीच होत नाही. संगणकाच्या संदेशवाहक तारेवर किंवा सेन्सरच्या तारेवर तेवढा भार टाकला, तर आतील नाजूक मंडल जळू शकते. तार टोचल्याने पडलेल्या छिद्रातून ओलावा शिरतो आणि बिघाड महिन्यांनी डोके वर काढतो, तेव्हा त्याचा संबंध कोणी कॅमेऱ्याशी जोडत नाही. एअरबॅगच्या तारांवर तर मल्टिमीटरही लावू नये असे उत्पादक बजावतात. या तारांचे कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या संगणकात काही मिनिटे वीज साठून राहते, म्हणून बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्या भागाला हात न लावण्याचा नियम आहे.

स्क्रीन बदलण्याचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा झाला आहे. पूर्वी डॅशबोर्डमधून रेडिओ काढला की तिथे एक खाच उरत असे. आज स्क्रीन डॅशबोर्डच्याच आकारात घडवलेला असतो, त्यातून वातानुकूलनाचे तापमान दिसते, मागचा कॅमेरा दिसतो, गाडीच्या काही सेटिंग त्यातूनच बदलतात. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या अनेक मॉडेलांत सीटबेल्ट न लावल्याची आणि दार उघडे राहिल्याची सूचनाही रेडिओमार्फत ऐकवली जात असे. रेडिओ काढताच त्या सूचना मुक्या झाल्या. ते टाळण्यासाठी जोडखोके लागते, जे गाडीचे संदेश वाचून नव्या स्क्रीनला समजतील अशा भाषेत सांगते. भारतात स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनसोबत असे खोके येते. ते नेमक्या मॉडेलसाठी आणि नेमक्या वर्षासाठी बनलेले नसेल, तर स्टिअरिंगवरील आवाजाचे बटण दाबल्यावर गाणे बदलते किंवा काहीच होत नाही. थोड्या जुन्या गाड्यांत या बटणांचे काम साध्या रोधकांवर चालते. प्रत्येक बटणाचा रोध वेगळा, त्यामुळे व्होल्टेज वेगळे आणि नवा रेडिओ ते ‘शिकून’ घेऊ शकतो. कॅनवर चालणाऱ्या बटणांना ही सोय लागू पडत नाही. दोन्ही प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसतात, म्हणून दुकानदाराने खरेदीपूर्वी दिलेला शब्द बसवणीच्या वेळी खोटा ठरतो.

अॅपल कारप्ले २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये आले. त्यानंतर अनेकांची गरज मूळ स्क्रीन बदलण्याऐवजी त्यालाच फोन जोडण्यापुरती उरली. ज्या गाडीत ही सोय आधीपासून आहे, तिच्यात स्क्रीनला हात न लावणे हाच सर्वांत कमी त्रासाचा मार्ग ठरतो. केवळ आवाज सुधारायचा असेल तर मूळ स्क्रीनच्या स्पीकर-तारांवरून संकेत घेणारे अॅम्प्लिफायर मिळतात.

मागच्या कॅमेऱ्याची वीज परंपरेने रिव्हर्सच्या दिव्यातून घेतली जाते. नव्या गाड्यांत या दिव्याला सलग वीज न देता सेकंदाला अनेकदा चालू-बंद होणारे ठोके दिले जातात. डोळ्याला दिवा स्थिर दिसतो, कॅमेऱ्याचे चित्र मात्र थरथरते. ग्राहक कॅमेरा बदलून घेतो, दुसरेही चित्र थरथरते. संधारित्र असलेला लहान रिले मध्ये बसवल्यास प्रश्न सुटतो. एलईडी दिव्यांची तक्रारही याच जातीची आहे. २१ वॅटचा वळणदिवा काढून तीन वॅटचा एलईडी लावला, की संगणकाला बल्ब गेला असे वाटते, दिवा दुप्पट वेगाने लुकलुकतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. बाजारात यासाठी मिळणारा रोधक मूळ बल्बाएवढी वीज निव्वळ उष्णतेत घालवतो. तो प्लॅस्टिकवर चिकटवला तर प्लॅस्टिक वितळते. विजेची बचत म्हणून लावलेला दिवा अशा रीतीने पूर्वीइतकीच वीज खातो.

बॅटरीच्या ऋण टोकावर नव्या गाड्यांत एक छोटा सेन्सर असतो. तो आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजतो आणि त्यानुसार संगणक अल्टरनेटर कमी-जास्त चालवतो, सिग्नलला इंजिन बंद करायचे की नाही ते ठरवतो. अॅम्प्लिफायरची अर्थिंग थेट बॅटरीच्या टोकावर जोडावी, ही जुनी आणि तेव्हा योग्य असलेली शिकवण येथे उलट परिणाम करते. सेन्सरला वगळून गेलेला प्रवाह संगणकाच्या हिशेबात येत नाही आणि बॅटरी अर्धी रिकामी असताना तिला भरलेली समजले जाते. अर्थिंग सेन्सरच्या पलीकडे, सांगाड्यावर घ्यावी लागते. धन बाजूला मात्र जुना नियम कायम आहे : बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा, कारण फ्यूज त्याच्या पुढच्या तारेलाच वाचवतो.

डॅशकॅम आणि रात्रभर झिरपणारी बॅटरी

अपघातातील पुरावा म्हणून डॅशकॅमची मागणी वाढली आहे. गाडी उभी असतानाही चित्रण करणारा कॅमेरा पाव अँपियर घेत असेल आणि लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असेल, तर सत्तर तासांत, म्हणजे तीन दिवसांच्या आत, ती निम्मी रिकामी होते. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर गाडी त्याआधीच सुरू व्हायची थांबते. ठरावीक व्होल्टेजखाली वीज तोडणारे मंडल असलेला संच घेतल्यास हे टळते. उत्तर भारतातील किंवा विदर्भातील उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा फुगण्याची भीती असते, म्हणून सुपरकॅपॅसिटर असलेले कॅमेरे अधिक योग्य मानले जातात.

कॅमेऱ्याची तार बसवताना ती समोरच्या खांबाच्या आवरणात खोचली जाते. छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग येऊ लागल्यापासून त्या खांबात किंवा त्याच्या वरच्या भागात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग दडलेली असते. तार तिच्या समोरून गेली तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो. तार तिच्या मागून न्यावी लागते आणि त्यासाठी आवरण पूर्ण काढावे लागते. पाच मिनिटांत खोचून दिलेल्या तारेबाबत ही चौकशी करणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

निदानासाठी ठेवलेल्या सोळा टोकांच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारी उपकरणे सर्वांत सोपी वाटतात, कारण त्यांना तार जोडावी लागत नाही. तथापि त्या सॉकेटला सतत वीज असते आणि तेथून गाडीच्या संदेशांपर्यंत थेट पोहोचता येते. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी एका जीपच्या मनोरंजन यंत्रणेतून दुरून शिरून चालत्या गाडीवर ताबा मिळवून दाखवला. त्यानंतर फियाट क्रायस्लर कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेव्हापासून अनेक उत्पादकांनी ओबीडी आणि गाडीचे अंतर्गत जाळे यांच्यामध्ये पहारेकरी संगणक बसवले. परिणामी बाहेरची अनेक साधने नव्या मॉडेलवर चालेनाशी झाली. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण स्वतंत्र गॅरेजवाल्याच्या हातातील दुरुस्तीचा एक मार्गही त्याबरोबर अरुंद झाला.

विद्युत वाहनांतही दिवे, कुलुपे आणि स्क्रीन १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवरच चालतात. ती बाहेरच्या साधनाने उतरली, तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असून त्यांना हात लावणे जिवावर बेतू शकते.

कायदा, वॉरंटी आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर गाडीतील कोणताही बदल बेकायदा असल्याचा समज पसरला. केरळमधून आलेल्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले ते असे, की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येणार नाही. कायद्यातील ‘बदल’ या शब्दाचा अर्थही रचनेतील असा बदल, ज्याने वाहनाचे मूलभूत स्वरूप बदलते. रेडिओ किंवा कॅमेरा नोंदणी प्रमाणपत्रात नसतो. दिवे आणि हॉर्न यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र मानके असून अनेक सुरांचे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार निषिद्ध आहेत. कायद्याने परवानगी नसलेला बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, होऊ शकते.

गंमत अशी, की एका बाजूला शंकेने पाहिली जाणारी ही बाहेरची जोडणी दुसऱ्या बाजूला सरकारनेच सक्तीची केली आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान दाखवणारे उपकरण आणि आणीबाणीचे बटण आवश्यक आहे. रिक्षांना यातून वगळले आहे. एआयएस-१४० या मानकानुसार या उपकरणाला भारताच्या नाविक उपग्रहप्रणालीचा संकेत घेता आला पाहिजे आणि गाडीची वीज तुटली तरी ते स्वतःच्या बॅटरीवर काही काळ चालले पाहिजे. मानके ठरवण्याच्या आणि चाचण्यांच्या कामात पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा महत्त्वाचा वाटा आहे. उपकरण प्रमाणित असले तरी ते बसवणारा हात प्रमाणित नसतो. टॅक्सीचालकासाठी त्याचा अर्थ असा, की सैल अर्थिंगमुळे उपकरण बंद पडले तर योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी अडकतो तो चालक.

वॉरंटीबाबत ग्राहकाची बाजू कमकुवत राहते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणाने उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळेच झाल्याचे दाखवावे लागते. भारतातील ग्राहकाला वॉरंटी पुस्तिकेतील अटी आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यांच्या आधारे भांडावे लागते. कापलेली मूळ तार सेवा केंद्राला दिसली, की वाद तिथेच संपवला जातो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टलमध्ये वाहन क्षेत्राचा समावेश आहे. त्याचा भर दुरुस्तीच्या माहितीवर असून बाहेरच्या जोडणीच्या वादांना तो फारसा स्पर्श करत नाही.

विम्यात उत्पादकाच्या किमतीत न धरलेली विद्युत व इलेक्ट्रॉनिक साधने आपोआप समाविष्ट होत नाहीत. पॉलिसीत त्यांचे मूल्य नोंदवून जादा हप्ता भरावा लागतो. नोंद नसलेला स्क्रीन चोरीला गेला तर भरपाई मिळत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे वायरिंगमुळे आग लागल्यास सर्वेक्षक साधनाचे बिल आणि बसवणाऱ्याचे नाव विचारतो. रोखीने, बिलाविना केलेली बसवणी त्या क्षणी कोणाचीच नसते.

काम देण्यापूर्वी नेमके मॉडेल, वर्ष व प्रकार सांगून त्याच गाडीचा कपलर आणि जोडखोके दुकानात प्रत्यक्ष पाहणे, मूळ स्क्रीन व कपलर परत मागून घेणे, डॅशबोर्ड उघडल्यावर आणि बंद करण्यापूर्वी तारांचे छायाचित्र काढणे आणि बिलावर साधनाबरोबर बसवणीची मजुरीही लिहून घेणे, एवढे ग्राहकाच्या हाती असते. जुन्या गाडीत नवे साधन जोडण्याआधी जुन्या, वापरात नसलेल्या तारा काढण्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि ते काम साधनाच्या किमतीहूनही महाग पडू शकते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.